आठवड्याचे साडेपाच तास कुठे जात होते: घराभोवतीच्या वाफ्यांची नव्याने मांडणी

पार्श्वभूमी

चौघांचं घर. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगा कॉलेजात, आणि आजी. बाग खरी आजींची, पण गुडघ्यांमुळे खाली बसून खुरपं चालवणं त्यांना आता जमत नव्हतं. महिन्यातून एकदा माळीकाका येत, बाकीचं काम रविवारी सकाळी सगळे मिळून उरकत. हवामान असं, की चार महिने भरपूर पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे.

घराच्या चारही बाजूंना मिळून ६८ चौरस मीटर माती होती. त्यात समोर १४ चौरस मीटरची हिरवळ आणि बाकी नऊ लहान-मोठ्या तुकड्यांत विखुरलेले वाफे. कुठे झाडाभोवती गोल आळं, कुठे पायवाटेच्या दोन्ही अंगांना हातभर रुंदीच्या पट्ट्या, कुठे खिडकीखाली त्रिकोणी कोपरा. समोरच्या कुंपणाला १४ मीटर लांबीची पिवळ्या दुरांताची कापीव रांग होती. पश्चिमेच्या भिंतीलगत चार वर्षांपूर्वी काळं प्लास्टिक अंथरून वर खडी टाकलेली, म्हणजे 'आता इथे काही करायला नको'.

आमच्याकडे कुटुंबाची मागणी साधी होती: कमी देखभालीची बाग करून द्या. झाडांची यादी ते आधीच जमवून बसले होते.

आधी वेळ मोजला

यादी बाजूला ठेवून पहिलं काम केलं ते वेळेची नोंद ठेवण्याचं. दोन आठवडे पावसाळ्यात, दोन आठवडे उन्हाळ्यात. बागेत कोण गेलं, काय केलं, किती मिनिटं लागली, एवढंच वहीत लिहायचं.

पावसाळ्यात आठवड्याला सरासरी साडेपाच तास निघाले. त्यातले तीन तास निंदणीत, एक तास दुरांता कापण्यात, पाऊण तास हिरवळ कापण्यात आणि तिच्या कडा सारख्या करण्यात, उरलेला वेळ पाला गोळा करण्यात. उन्हाळ्यात निंदणी जवळपास शून्यावर आली, पण नळीने पाणी घालायला रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्याला साडेतीन तास.

हे आकडे समोर आल्यावर झाडांची यादी आपोआप मागे पडली. जास्वंद, तगर, मोगरा यांच्यावर कुणाचाच फारसा वेळ जात नव्हता. वेळ खात होत्या तीन गोष्टी: उघडी माती, लांबच लांब कडा आणि आकारात ठेवावी लागणारी झाडं. कडांचं मोजमापही घेतलं. घराच्या भिंतीकडची बाजू सोडून हाताने राखावी लागणारी कड तब्बल ९२ मीटर भरली. तण वाफ्याच्या मधोमध क्वचितच सुरू होतं. हरळी कडेवरून धावत आत येते. त्यामुळे नऊ तुकड्यांतला वाफा चार तुकड्यांत आणला, तर झाडं तीच ठेवूनही काम घटतं. हे गणित लागवडीआधी फार थोडे लोक करतात, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

जागेची पाहणी

एका स्वच्छ दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ४ दर दोन तासांनी ऊन कुठे आहे ते जमिनीवर खडूने आखून घेतलं. दक्षिणेकडे, म्हणजे घरासमोर, जवळजवळ दिवसभर ऊन. पश्चिमेला दुपारनंतरचं कडक ऊन आणि भिंतीतून परत येणारी धग. उत्तरेला फक्त उजेड. पूर्वेच्या कोपऱ्यात सकाळचं ऊन, पण तिथेच गच्चीच्या पन्हळाचा पाइप उतरत होता.

पाणी मुरतं का ते पाहायला चारही बाजूंना ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे घेतले. एकदा भरून पूर्ण जिरू दिले, पुन्हा भरले आणि पातळी किती उतरते ते पट्टीने मोजलं. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर बहुतेक झुडपांना चालतं. तीन खड्डे ठीक निघाले. पूर्वेच्या खड्ड्यात मात्र दुसऱ्या दिवशीही चार बोटं पाणी उभं होतं.

दक्षिणेचा खड्डा खणताना विटांचे तुकडे, गिलाव्याचे पापुद्रे आणि सिमेंटचा एक अख्खा गोळा हाताला लागला. घर बांधतानाचा राडारोडा तिथेच पुरलेला होता. त्याची नोंद झाली, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा चुनखड आहे त्याचा आकडा) तेव्हा तपासला नाही. ती चूक पुढे नडली.

पश्चिमेचं प्लास्टिक उचलल्यावर खालचं चित्र बोलकं होतं. खडीवर चार वर्षांची धूळ आणि कुजलेला पाला साचून बोटभर माती तयार झाली होती आणि तण त्या मातीत, प्लास्टिकच्या वरच, उगवलं होतं. प्लास्टिकखालची जमीन दगडासारखी घट्ट, एकही गांडूळ नाही. आणि लव्हाळ्याचे टोकदार कोंब प्लास्टिकला सुईसारखी भोकं पाडून वर आलेले. एक कोंब ओढला तर प्लास्टिक त्याच्यासोबत वर येत होतं. खडी, प्लास्टिक आणि मुळं वेगळी करायला दोन माणसांचे दोन दिवस गेले.

लव्हाळा पूर्वीच्या हिरवळीतही होता. तो पाहून माळीकाका म्हणाले, "ताई, हा उपटून जात नाही. खालची गाठ निघाली नाही तर एकाचे चार होतात." त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. जमिनीखाली तारेसारख्या मुळ्यांनी जोडलेली गाठींची साखळी असते. शेंडा उपटला की साखळी तुटते आणि झोपलेली पुढची गाठ जागी होते.

कोणते पर्याय तोलले

सगळीकडे फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घालणं हा कुटुंबाचा पहिला विचार. काम संपतं हे खरं, पण पावसाचं पाणी जिरायची जागा जाते आणि पूर्वेच्या कोपऱ्यात आधीच पाणी साचत होतं. शिवाय पश्चिमेच्या खोल्या आणखी तापल्या असत्या. हा पर्याय लवकर सुटला.

तणरोधक कापड आणि वर खडी हा दुसरा. कापडातून पाणी झिरपतं, त्यामुळे प्लास्टिकपेक्षा ते बरं. पण वर धूळ आणि पाला साचून तण उगवणं काही टळत नाही, आणि झाडांच्या मुळ्या कापडात गुंतल्या की पुढे जागा बदलताना झाड फाटतं. पायवाटेखाली कापड ठीक, लागवडीच्या वाफ्यात नको, असं ठरलं.

सगळं कुंड्यांत लावणं हा तिसरा पर्याय, आणि दिसतो त्याहून फसवा. कुंडीतली माती उन्हाळ्यात रोज पाणी मागते. साडेतीन तासांचे पाच झाले असते.

उरला चौथा: थोड्याच जातींची झाडं दाट लावायची, मधल्या मातीवर जाड आच्छादन घालायचं, पाणी ठिबकने द्यायचं आणि वाफे जोडून कडा कमी करायच्या. सुरुवातीला रोपं जास्त लागतात आणि पहिलं वर्ष मेहनतीचं जातं. हे कुटुंबाला आधीच स्पष्ट सांगितलं, कारण पहिल्या पावसाळ्यात तण पाहून अशी योजना अर्ध्यावर सोडून देणारे बरेच असतात.

इथे आजींनी दोन मुद्दे काढले आणि दोन्हींमुळे आराखडा सुधारला. पहिला, "एवढं दाट लावलं तर घराशी साप-विंचू येतील." शंका रास्त होती. उत्तर म्हणून घराच्या भिंतीलगत ४५ सेंटिमीटर रुंदीचा खडीचा मोकळा पट्टा सोडला. त्यावर झाड नाही, आच्छादन नाही, नजर टाकली की सगळं दिसतं. दारापासून दोन्हीकडे मीटरभर फक्त बुटकी झाडं ठेवली. या पट्ट्याचा दुसरा फायदा भिंतीला मिळाला. मातीची पातळी जोत्यातल्या ओलरोधक थरापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली राहिली आणि ओलं आच्छादन भिंतीला टेकून वाळवीला वाट मिळाली नाही.

दुसरा मुद्दा असा: "मग मी काय करू?" त्यांना शेवंती, झेंडू, तुळस हवी होती. दरवर्षी लावायची, खुडायची, उपटायची झाडं. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर ती बाद व्हायला हवीत. पण देखभाल कमी करायची ती नको असलेल्या कामाची. म्हणून नळाशेजारी ४ चौरस मीटरचा हौसेचा वाफा राखला आणि तो कमरेच्या थोडा खाली, ६० सेंटिमीटर उंच बांधून घेतला. खुर्चीवर बसून हात पोहोचेल अशी त्याची रुंदी ठेवली.

आराखडा आणि रोपांचा हिशेब

नऊ तुकड्यांचे चार वाफे झाले. दक्षिणेला १६ चौरस मीटर, पश्चिमेला १५, उत्तरेला १३, पूर्वेला १०. हिरवळ पूर्ण काढली. खडीचे पट्टे आणि एक सरळ पायवाट मिळून १४ चौरस मीटर. राखायची कड ९२ मीटरवरून ४९ वर आली. कडेला विटा उभ्या पुरल्या, १५ सेंटिमीटर जमिनीत आणि वरचं तोंड जमिनीशी सपाट. आडव्या ठेवलेल्या विटेखालून हरळी सहज पार होते.

दुरांताची रांग काढायची की नाही यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. झाडं निरोगी होती, आठ वर्षांची. पण पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी कात्री मागणारी रांग ठेवून 'कमी देखभाल' म्हणता येत नाही. मोकळी वाढू दिली तर ती दीड-दोन मीटर पसरते आणि तेवढी जागा नव्हती. ती मुळासकट काढली.

रोपं किती लागतील ते अंदाजाने घेऊ नयेत. झाडं त्रिकोणी मांडणीत लावायची, म्हणजे दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर. दोन रोपांतल्या अंतराचा मीटरमध्ये वर्ग करायचा, त्याला ०.८६६ ने गुणायचं आणि वाफ्याच्या क्षेत्रफळाला त्या संख्येने भागायचं. २० सेंटिमीटर अंतराला चौरस मीटरमागे २९ रोपं येतात, ३० ला साधारण १३, ४५ ला पावणेसहा, ६० ला सव्वातीन आणि ९० ला जेमतेम दीड. अंतर धरायचं ते पूर्ण वाढलेल्या झाडाच्या रुंदीवरून. मागच्या झुडपाचं भिंतीपासूनचं अंतर त्या रुंदीच्या निम्मं अधिक ३० सेंटिमीटर.

दक्षिणेला मागच्या ओळीत ९० सेंटिमीटरवर ९ एक्झोरा, पुढच्या ८ चौरस मीटरमध्ये निम्म्यात बुटकी रिओ (रुंद जांभळ्या पानांचं झाड) ३० सेंटिमीटरवर ५२ आणि निम्म्यात रेन लिलीचे ११५ कंद. पश्चिमेच्या धगीत १० चौरस मीटरवर वाळा आणि उरलेल्या जागेत चार कुंती. वाळ्याच्या मुळ्या आडव्या न पसरता सरळ खोल जातात, ठोंब जागा सोडत नाही आणि वर्षाला एक-दोन कापण्यांवर भागतं. उत्तरेच्या सावलीत मोंडो गवत ६ चौरस मीटर, नेचे ४ आणि स्नेक प्लांट ३. पूर्वेच्या ओल्या जागेत आधी कर्दळ धरली होती, पण फुलून गेलेला प्रत्येक दांडा तिला कापावा लागतो. तिच्याऐवजी स्पायडर लिलीचे ३४ कंद घेतले. पाय ओले राहिले तरी ती तक्रार करत नाही.

प्रत्यक्ष काम

उन्हाळ्याच्या अखेरीस जमीन खणायला घेतली. लव्हाळ्याच्या वाफ्यांत फावडं आणि कुदळ बाजूला ठेवून बागकामाच्या दातेरी काट्याने माती उचलली, कारण धार असलेलं अवजार गाठींच्या साखळीचे तुकडे करतं. वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाठी सापडतात. माती मोकळी करून, हाताने चाळून गाठी घमेल्यात टाकल्या. त्या खतखड्ड्यात न घालता उन्हात पूर्ण वाळवून फेकल्या. मग वाफ्याला मुद्दाम पाणी देऊन राहिलेल्या गाठी उगवू दिल्या. कोंबाला चार-पाच पानं आली की पुन्हा काट्याने उचल. त्यापुढे थांबलं तर तो नव्या गाठी धरायला लागतो.

असं किमान तीन-चार वेळा, म्हणजे आठ-दहा आठवडे करायला हवं होतं. हातात पाच आठवडे होते आणि दोनच फेऱ्या झाल्या. पाऊस तोंडावर आला, रोपं दारात येऊन पडली होती. हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय आणि तो घाईत झाला. उन्हात पारदर्शक प्लास्टिक पसरून माती तापवण्याचाही विचार झाला होता. ओल्या मातीवर चार ते सहा आठवडे ते ठेवलं तर तणाचं बी बऱ्यापैकी मरतं, पण लव्हाळ्याच्या खोल गाठी त्यातून वाचतात. म्हणून तो मार्ग घेतला नाही.

मातीत चौरस मीटरला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर लावलं. खोड एक इंचही जास्त पुरलं गेलं तर झुडूप वर्षभर रडत राहतं.

लागवडीनंतर आच्छादन. हौसेचा वाफा सोडून ५० चौरस मीटरवर साडेसात सेंटिमीटरचा थर म्हणजे पावणेचार घनमीटर. उन्हाच्या वाफ्यांत लाकडाचा भुसकट नसलेला जाड चुरा, उत्तरेला वाळका पाला. पाला दोन महिन्यांत दबून निम्मा होतो, म्हणून तो दुप्पट घातला. लाकडाचा चुरा मातीत मिसळू नये. मिसळला तर कुजताना तो मातीतलं नत्र ओढतो. वर पसरलेला असेल तर झाडाला त्याचा त्रास जाणवत नाही. प्रत्येक खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची, असं सांगितलं होतं.

काय बिघडलं

ठिबक पहिल्याच आठवड्यात अडलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वाफ्यापेक्षा साधारण ४ मीटर उंच, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला ०.४ किलोच्या आसपास. बसवलेले ड्रिपर (नळीवरची थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) दाब-नियंत्रित होते आणि त्यांना नीट चालायला याहून जास्त दाब लागतो. नळीच्या सुरुवातीचे थोडे टपकत होते, शेवटचे कोरडे. पंप लावण्यापेक्षा ते बदलून ताशी ४ लिटरचे साधे ड्रिपर लावले. कमी दाबावर त्यांच्यातूनही छापील आकड्याइतकं पाणी येत नाही. म्हणून एका ड्रिपरखाली वाटी ठेवून १५ मिनिटांत किती पाणी जमतं ते मोजलं: ६२० मिलिलिटर. म्हणजे ताशी अडीच लिटर. वेळापत्रक या मोजलेल्या आकड्यावर बसवलं. वाटी ठेवून मोजायला पाव तास लागतो आणि त्याने पुढचे सगळे अंदाज वाचतात.

दहाव्या आठवड्यात एक्झोराची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट, जुनी पानं मात्र ठीक. लोह न मिळाल्याचं हे ठरलेलं चिन्ह आहे. माती तपासली तर सामू ८.३. राडारोड्यातला चुना पावसाने विरघळून मातीत उतरत होता आणि अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. एक्झोराला आम्लधर्मी माती हवी असते. मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकून पाहिलं असतं तरी बुडबुडे दिसले असते.

इथे दुसरा निर्णय. लोहाचं चिलेट, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, दर काही आठवड्यांनी फवारता आलं असतं, गंधक मिसळून सामू हळूहळू उतरवता आला असता. पण चुना मातीतच भरपूर असल्यामुळे हे काम कधीच संपलं नसतं. जे झाड टिकवायला कायम औषध लागतं ते त्या जागेचं झाड नाही. एक्झोरा काढून कुंड्यांत हलवले, त्यातले सहा सावरले. जागी बुटकी तगर लावली. ती अशा मातीत बिनबोभाट वाढली.

पश्चिमेला चूक अंतराची झाली. वाळ्याचे ३२ ठोंब हिशेबात होते. लावताना वाफा भरलेला दिसतोय म्हणून ९० सेंटिमीटरवर १५ च लावले आणि उरलेले परत केले. पहिल्या पावसात मधल्या मोकळ्या जागेत तण गुडघ्याएवढं झालं. दुसऱ्या वर्षी उरलेले १७ ठोंब लावावेच लागले, शिवाय वर्षभराची निंदणी अंगावर पडली.

पण सगळ्यात शिकवणारी चूक रेन लिलीची. जातीची निवड ठीक होती: उन्हात तगते, कंद स्वतःहून वाढतात. अडचण शेजाऱ्याची होती. दोन फेऱ्यांतून वाचलेला लव्हाळा नेमका त्याच वाफ्यात उगवला. आता चार बोटं उंचीचा लव्हाळा आणि तेवढीच रेन लिली शेजारी शेजारी ठेवून पाहा: दोन्ही अरुंद, हिरवीगार, ताठ पात्यांची. उभ्याने ओळखूच येत नाहीत. बुडखा दोन बोटांत धरून फिरवला तर लव्हाळ्याचा तीन धारांचा लागतो आणि लिलीचा गोल. पण ११५ कंदांच्या वाफ्यात एकेक काडी बोटांत फिरवून निंदणी कोण करणार? मुलाने एका रविवारी मन लावून वाफा साफ केला आणि घमेल्यात निम्मी लिली निघाली. शेवटी राहिलेले कंद काढून हौसेच्या वाफ्याच्या कडेला लावले आणि लिलीच्या मोकळ्या झालेल्या जागेतही रिओच पसरवली. रिओच्या रुंद जांभळ्या पानांतून लव्हाळ्याची हिरवी काडी लांबूनच दिसते आणि खाली दाट सावली पडते. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. त्याच्यावरचा टिकाऊ उपाय बहुतेक वेळा हाच ठरतो.

एक गोष्ट सुदैवाने वेळेत थांबली. रिकाम्या जागा लवकर भराव्यात म्हणून ओळखीतल्या कुणीतरी पिवळ्या फुलांच्या वेडेलियाची काडी आणून दिली होती. एका पावसाळ्यात तिने दोन चौरस मीटर व्यापले आणि विटांवरून पायवाटेकडे निघाली. प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि तुटलेला तुकडाही रुजतो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत हिचं नाव आहे. तेव्हाच सगळी खणून काढली. झपाट्याने जागा भरणारं झाड जागा भरली म्हणून थांबत नाही.

निष्पत्ती

पहिल्या पावसाळ्यात काम फारसं कमी झालं नाही. आठवड्याला पावणेचार तास, त्यातले बहुतेक निंदणीचे. दुसऱ्या वर्षी रिओची रोपं आणि वाळ्याचे ठोंब आपापल्या वाफ्यात एकमेकांना भिडले आणि पावसाळ्यातला वेळ सव्वा तासावर आला. उन्हाळ्यात साडेतीन तासांचे चाळीस मिनिटं झाले, आणि त्यातही मुख्य काम ठिबकची गाळणी धुणं आणि नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडणं. पाणी पहिल्या दोन आठवड्यांत पाऊस नसेल त्या दिवशी रोज, नंतर दीड महिना तिसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर. रोज थोडं पाणी दिलं की मुळ्या वरच राहतात आणि झाड तुमच्यावर अवलंबून राहतं.

हौसेच्या वाफ्यावर आजी आठवड्याला दोन-अडीच तास घालवतात. ते या हिशेबात धरलेले नाहीत.

वर्षातून दोन दिवसांचं मोठं काम राहिलं: पाऊस सुरू होण्याआधी वाळा गुडघ्याच्या खाली कापणं, कापलेली पाती तिथेच आच्छादन म्हणून पसरणं आणि चुऱ्याचा ३ सेंटिमीटरचा नवा थर, म्हणजे दीड घनमीटर. स्पायडर लिलीवर पावसाळ्यात ठिपकेदार काळ्या अळ्या येतात. सुरुवातीलाच हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या तर फवारणी लागत नाही, पण आठवडाभर दुर्लक्ष झालं तर पानांची चाळण होते.

वेगळं काय करता आलं असतं

लागवड एक हंगाम पुढे ढकलायला हवी होती, निदान लव्हाळ्याच्या दक्षिणेच्या वाफ्यापुरती. रोपं सावलीत पिशव्यांत दोन महिने सहज तगतात. तेवढ्यात आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या. चारही वाफे एकाच आठवड्यात पुरे करण्याचा हट्ट धरला आणि त्याची किंमत दोन पावसाळे चुकवावी लागली. सगळ्यात स्वच्छ वाफा आधी लावायचा आणि सगळ्यात तणग्रस्त वाफा शेवटी, हा क्रम ठेवला असता तर तणाच्या वाफ्यावर लक्षही देता आलं असतं.

माती तपासणी चारही बाजूंची वेगवेगळी व्हायला हवी होती. एकाच आवारात दहा पावलांवर सामू पूर्ण वेगळा निघू शकतो, विशेषतः जिथे बांधकामाचा माल रचला होता तिथे. पश्चिमेची माती नंतर तपासली तेव्हा ७.४ निघाली. एक्झोरा तिथे लावले असते तर त्यांचा निभाव लागण्याची शक्यता बरीच जास्त होती.

आच्छादनाबद्दल सूचना तोंडी दिली, तेवढी पुरली नाही. चुरा टाकणाऱ्या माणसांनी कुंतीच्या खोडाभोवती त्याचा ढीग रचला आणि चारपैकी एक कुंती बुंध्याशी सडून गेली. चुरा टाकण्याआधी प्रत्येक खोडाभोवती तळ काढलेली जुनी कुंडी उलटी ठेवायची आणि नंतर उचलून घ्यायची. मोकळी जागा आपोआप राहते आणि सांगावं लागत नाही.

उत्तरेला नेचे आणि मोंडो गवत यांच्यामध्ये काहीच अडसर ठेवला नव्हता. नेच्याचे धागे आच्छादनाखालून सरकत दुसऱ्या वर्षाअखेर मोंडोत हातभर आत शिरले. दोघांचा वेग इतका वेगळा आहे की शेजार जमणारच नव्हता. तिथे आता कडेसारख्याच उभ्या विटा पुरायच्या आहेत. ते काम तिसऱ्या पावसाआधी, जमीन कोरडी असताना करायचं ठरलं आहे, आणि त्याच वेळी मोंडोत शिरलेले नेचे उपटून पूर्वेच्या पन्हळाखालच्या रिकाम्या वीतभर जागेत लावायचे आहेत.